मामांनी पाठवलेली गिऱ्हाइकं

भाग्यश्रीनं इंटरनेटचा डोंगल कॉम्प्युटरला लावला, तसे कवठे येमाईच्या त्या खोलीतले सगळे पडद्याकडे वाकले. प्रतिभाच्या कॉलेजप्रवेशाचं पान रखडत का होईना, शेवटपर्यंत उघडलं. प्रतिभाची आजी अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती.

“आन् वायर कुठं हाय गं?”

“वायर लागत न्हाई, आजी. टावरवरनं येतं.”

अनसाबाईनं चहा पुढं केला. “तुझा सासरा म्हणलाच व्हता, माझ्या सुनेकडनं घ्या म्हणून.”

भाग्यश्रीच्या हातातली बशी तशीच राहिली. तिचे सासरे ज्ञानदेव टेलिफोन ऑफिसात लाइनमन होते. दोन हजार नऊ साली तालुक्यात खासगी कंपन्या उतरल्या, त्यातल्या एकीत ती लागली. तिनं जोडलेलं प्रत्येक घर म्हणजे त्यांच्या ऑफिसचं एक गिऱ्हाईक कमी. त्यामुळे दिवसभरात कितीही काम झालं, तरी घरी ती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

संध्याकाळी ज्ञानदेव ओट्यावर बसून बूट सोडत होते. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

“मामा, अनसा आजींना तुम्ही पाठवलं?”

“व्हय. डेअरीवाल्या संपतलाबी मीच सांगितलं.”

“पण ऑफिस तर तुमचं हाय.”

“माझं हाय म्हणूनच.” त्यांनी बूट भिंतीशी नीट लावले. “इंटरनेटचं नवं मशीन द्या, कनेक्शनसाठी लोक ताटकळत्यात, सांगून सांगून थकलो. सायेब म्हणायचे, लोक जाऊन जाणार कुठं? म्हणलं, आता जायला जागा झालीय, तर जाऊ द्यावं थोडं.” ते पाणी प्याले. “आज सायबाचा फोन आला. मशीन मंजूर झालंय.”

उन्हातान्हात फिरून मिळवलेल्या गिऱ्हाइकांतली खरंच आपली किती, हे भाग्यश्रीच्या अगदी ओठांवर आलं. पण मामांचा चेहरा इतका समाधानी दिसत होता, की “चहा टाकते,” एवढंच म्हणून ती आत गेली.

दिवाळीच्या सुमाराला ऑफिसात मशीन बसलं. संपत लगोलग मामांकडे परतला. त्याच्यामागून आणखी चारदोन घरं गेली, तेव्हा भाग्यश्रीच्या कंपनीनं गावाच्या पलीकडल्या अंगाला दुसरा टावर उभा केला. प्रतिभाची पानं आता बोट उचलायच्या आत उघडत होती.

एका सकाळी सासरा-सून एकदमच घराबाहेर पडले.

“आज कुठल्या वस्तीला निघालीस?” ज्ञानदेवांनी विचारलं.

भाग्यश्रीनं स्कूटी सुरू केली.

“ते आता सांगायची न्हाई, मामा.”

ज्ञानदेव हसले, आणि तिची गाडी कुठल्या फाट्याला वळते ते टाचा उंचावून बघत राहिले.