दोन पट्ट्या वर

धाकटीचा आवाज भर कार्यक्रमात फाटला असता, तर थोरलीच्या पदरात बरंच काही पडणार होतं. पुढचा माईक, आधी पुकारलं जाणारं नाव, शिवाय टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा. सध्या तिथे धाकटी बसायची आणि थोरली मागे, पेटी मांडीवर घेऊन, ढोलाला टेकून.

दोघी सख्ख्या जावा. नदी, झाडं, कचरा यांवर स्वतः रचलेली गाणी गात फिरणारा हा घरचाच ताफा. ज्याचं गाणं, त्याची पुढची जागा, हा तिथला नियम. तो थोरलीनेच घालून दिला होता, कारण तेव्हा रचणारी ती एकटीच होती. मग धाकटी घरात आली, तिने नदीचं गाणं रचलं, आणि लोक दुसरं काही मागेनात. थोरलीला तक्रार करायलाही तोंड उरलं नाही.

ती ते गाणं रोज ऐकायची, पण सुनेची भाजी चाखणाऱ्या सासूसारखी. कुठे सूर हलला, कुठे श्वास चोरला, एवढंच. शब्दांशी तिचं देणंघेणं नव्हतं.

"वर गेली की दाराची बिजागरी वाजते नुसती," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा ढोल वाजवायचा. "बिजागरीला टाळ्या पडतात. आपल्या दाराला कोण विचारतंय?"

त्या दिवशी त्याला ताट स्वतःच वाढून घ्यावं लागलं.

पुढचा कार्यक्रम थोरलीच्या भावाच्या वस्तीत ठरला. भावाचा कापड रंगवायचा कारखाना होता, आणि ताफ्याचा टेम्पोही त्याच्याच मेहेरबानीचा. थोरलीने त्याला मुद्दाम बोलावलं. "दादा, पहिल्या रांगेत बस. आज ऐकण्यासारखं आहे."

पेटीवरून एकदा सूर दिला की गाणाऱ्याने तो मध्येच उतरवायचा नाही, अशी ताफ्याची रीत. उतरवणाऱ्याचं हसं व्हायचं. थोरलीने त्या संध्याकाळी दोन पट्ट्या वर सूर दिला.

धाकटीने मान वळवली. "ताई, चढा नाही का वाटत?"

"गर्दी मोठी आहे गं. मागपर्यंत पोचायला नको?"

धाकटी गायला लागली.

*काल निळी, आज तांबडी, उद्या कशी गं येशील?*
*नदीबाई, लेकराला माझ्या काय तू पाजशील?*

दोन कडवी तिने रेटून नेली. तिसऱ्याची पहिलीच ओळ उंच उडी घेणारी होती. तिथे आवाज चिरकला आणि बसला. थोरलीने भात्यावरचा हात जरा सैल सोडला, शेजारणीचं दूध उतू गेलेलं बघावं तशी.

सूर उतरवायची सोय नव्हती. धाकटीने दिराला ढोल चालू ठेवायची खूण केली आणि पुढचं कडवं घोगऱ्या आवाजात नुसतं बोलून दाखवलं.

*भिंतीमागच्या पाइपाला विचारा, कुणाचं ओकतो?*
*माल सुकतो कुणाच्या दारी, कुणाचा पोर खोकतो?*

एरवी या ओळीवर तानेची इतकी नक्षी असायची की लोक माना डोलवायचे आणि अर्थ नक्षीखालीच राहायचा. आज नक्षी नव्हती.

"कुठली भिंत म्हणते ही?" एक बाई म्हणाली.

"आपल्याकडे मागून पाइप निघालेली भिंत एकच आहे, मावशी."

सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. भावाने बहिणीकडे पाहिलं. थोरलीनेही हे शब्द आज पहिल्यांदाच ऐकले होते, पण ते त्याला कोण पटवणार?

"ऐकण्यासारखं म्हणालीस ते हेच का?" एवढंच बोलून तो उठला.

दुसऱ्या दिवशी वस्ती त्याच्या फाटकाशी जाऊन बसली, आणि पाइप बंद होईपर्यंत हलली नाही.

आता कुणी काय किंमत मोजली ते पाहू. भावाने रंगाचं पाणी गाळायला हौद बांधला, त्यात त्याचं निम्मं अंगण गेलं. ताफ्याचा टेम्पो गेला. धाकटीचा वरचा सूर काही परत आला नाही, पण लोकांना आता ते कडवं बोललेलंच हवं असतं, म्हणून पुढे तीच उभी राहते. थोरलीने भाऊ मोजला. आणि ते कडवं आलं की पेटी हळू धरायचं कामही तिच्याच वाट्याला आलं, शब्द नीट ऐकू जावेत म्हणून.