सरकत्या छताची गळती

खामगावात भगवानरावायच्या विलायती मोटरीचं सरकतं छत गळू राह्यलं होतं. त्यावर पत्रा ठोकाले टिनवाला दारात येऊन बसला. पन भगवानरावायच्या आईले, गीताबाईले, बंद मोटरीत वकाऱ्या येत. पत्रा ठोकला तं त्यायचं शेगावच्या लेकीकडं जाणं संपलं.

म्हणून गीताबाईनं मले, गावच्या मोटर मिस्तरीले, बलावलं. मी हे काम मोटरी खोलू-खोलूच शिकलो. घाईनं छतावर बादली ओतली. कोपऱ्यातल्या नळीतून खाली जायचं पाणी आतच सांडलं. नळीत तार घातली, तं झेंडूच्या सडक्या पाकळ्या अन् कुंकवाचे तांदूळ निघाले.

"दसऱ्याले छतावर कोनं वाह्यलं?"

"म्याच," गीताबाई हळूच म्हणाल्या. "भगवानले सांगू नको, लेका."

पुन्हा बादली ओतली. पाणी चाकापाशी पडलं, गादी कोरडीच. टिनवाला उठून जवळ आला.

"जाय बे घरी," गीताबाई त्याले म्हणाल्या अन् मोटरीत चढल्या. "लेका, छत उघड. शेगावले चाल."