बरणीत राहिलेला खडा

मी एक जुनी मिठाची बरणी आहे. अंग पांढरं, गळ्याशी तपकिरी पट्टा आणि काठाला एक चीर. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

१९६१ साली धर्माजीने मला भाईंदरच्या बाजारातून विकत आणलं. तो मिठागरात राबायचा. स्वतः ओढलेलं खडेमीठ त्याने माझ्यात भरलं आणि बायकोसमोर, जिजाबाईसमोर, मला ठेवलं. तेव्हा माझा काय थाट होता! भाताला मी, सुक्या मासळीला मी, नवी सून मंजुळा घरात आली तेव्हा तिची दृष्ट काढायलाही मीच. या घरात मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नसे. भांडण लागतं म्हणत. द्यायचं ते खाली ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. जिजाबाईने हा नियम कधी मोडला नाही.

पुढे धर्माजी वारला. मुलगा पुंडलिक फिटर झाला आणि १९७६ साली त्याला बहारीनला नोकरी लागली. बायको आणि पाच वर्षांची सुलू यांना नेता येणार होतं. म्हातारीला नेता येणार नव्हतं, असं तो म्हणाला. खरं तर त्याने कंपनीत कुणाला विचारलंच नव्हतं.

जावं की राहावं? "कागदावर लिहिलं तर आईला वाचता नाही येणार," पुंडलिक म्हणाला आणि त्याने दोन करवंट्या मांडल्या. एक जाण्याची, एक राहण्याची. जो मुद्दा निघेल त्याचा एक खडा टाकायचा. खडे माझ्याच पोटातले! घरात नळ असेल, टाक. सुलूला चांगली शाळा मिळेल, टाक. पगाराला तर त्याने सगळ्यांत मोठा खडा निवडला. मग मंजुळेने दुसऱ्या करवंटीत टाकले. तिथे आपलं कुणी नाही. ऊन फार. पोर आपली भाषा विसरेल. म्हातारी एकटी पडेल, याचा खडा मात्र कुणीच टाकला नाही.

जिजाबाई जवळच बसून मासळी साफ करत होती. ती उठली, हात धुऊन पुसले, माझ्यातला एक खडा उचलला. दोन्ही करवंट्यांकडे पाहिलं आणि तो हळूच परत माझ्यात टाकला. कुणाचं लक्षही नव्हतं. मला त्या दोघांचा राग आला, आणि खरं सांगते, तिचाही आला. बोलायचं होतं ना, बाई!

जाण्याच्या दिवशी जिजाबाईने तिघांची दृष्ट काढली. मग माझ्यात हात घातला आणि भरलेली मूठ पुंडलिकाच्या हातापुढे धरली. त्याने हात मागे घेतला.

"अगं आई, मीठ हातावर देतात का? भांडण होईल आपलं!"

"व्हऊ दे. भांडायला तरी कागद लिवशील."

"तू पण ना! खाली ठेव, मी घेतो."

तिने मीठ उंबऱ्यावर ठेवलं. तेवढ्यात टांगेवाल्याने हाक मारली आणि घाईघाईत पुंडलिक ते ओलांडून निघून गेला. बापाच्या घामाचं मीठ! जिजाबाईने ते एकटीने गोळा केलं.

पत्रं आली, शेजारची मंदा वाचून दाखवायची. नळ आहे, शाळा छान आहे. मग दुसऱ्या करवंटीतलंही येऊ लागलं. बोलायला माणूस नाही, तिथलं मीठ पिठासारखं, किती घालावं ते हाताला कळत नाही. पुढे पत्रं विरळ झाली.

तीन वर्षांनी ते सुट्टीवर आले. जेवताना मंजुळा हसत हसत सुलूला करवंट्यांची गंमत सांगत होती. तेवढ्यात आजीने मीठ मागितलं. सुलूने माझ्यातले चार खडे काढले आणि थेट तिच्या हातावर ठेवले.

"खाली ठेव!" पुंडलिक ओरडला.

जिजाबाईने मूठ मिटली. "आता घेतलं मी. न्हाय देनार."

सुलूला काहीच कळेना. तिने विचारलं, "पण आजी, तू तुझा खडा किधर टाकलेला?"

"बरनीत."

"बरणीत का? पप्पा, आजीला विचारलंच नाही?"

पुंडलिकाने भात कालवायला घेतला. सुलूने पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग मंजुळेनेही विचारलं. भांडण लागलं, मित्रांनो, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मला कोरडी ठेवा, माझ्यात ओला हात घालू नका, हे तर सांगतेच. परदेशीही खुशाल जा. पण करवंट्या मांडाल तेव्हा घरात जो सगळ्यांत गप्प असेल त्याचा खडा आधी मागून घ्या. तो माझ्यात परत येऊ देऊ नका. जिजाबाईचा अजून माझ्या तळाशी आहे, आणि तो विरघळत नाही.