देवकाबाईकडची थाळी

"पुरे. आता नको वाढू."

श्रावणने ताटावर आडवा हात धरला तेव्हा प्रमिलाच्या हातात तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकर होती. चांगली टम्म फुगलेली. भाकर तशीच हातात धरून ती म्हणाली, "एकच तं खाल्ली. अन् तिच्यातलीही अर्धी ताटात हाये."

"भूक नाई वं."

"कालही नवती. परवाही नवती."

"जिनात रुई उडते भल्ली. नाकातोंडात जाते. पोट भरल्यासारखं होऊन राह्यते," असं म्हणत त्याने उरलेली अर्धी भाकर पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी खाली ढकलली. मग उठून मोरीत स्वतःचं ताट स्वतः विसळलं, दाराजवळच्या भिंतीशी ते पालथं उभं करून ठेवलं आणि भोंग्याला अजून अवकाश असताना चपला सरकवून निघूनही गेला.

आपलं ताट आपण विसळणारा नवरा मिळाला म्हणून दुसरी एखादी पेढे वाटत सुटली असती. पण प्रमिलाच्या काळजात त्या ताटाने कळ उठायची. घरचा माणूस हात धुऊन उठतो आणि ताट बायकोच्या जिवावर टाकून जातो. ताट विसळून दाराशी ठेवतो तो उतारू. आज आहे, उद्या नाही. लग्न होऊन महिना झाला होता आणि आपण याची बायको आहोत की खानावळवाली, हेच तिला कळेनासं झालं होतं.

मार्गशीर्षात लग्न लागलं आणि गिरडकडची ही शेतकऱ्याची मुलगी पुलगावला आली. नाचणगावच्या रस्त्याला अनुसयाबाईंच्या चाळीत दोन खोल्या होत्या. श्रावण जिनिंग फॅक्टरीत फिटर. कापसाचा हंगाम भरात होता, बैलबंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत यायची, आणि यंत्रं सुरू झाली की त्यांची घरघर जमिनीतून चाळीपर्यंत पोचायची. मांडणीवरची स्टीलची भांडी दिवसभर बारीक किणकिणत राहायची. प्रमिलाला वाटे, ही भांडीसुद्धा अजून इथे बसली नाहीत. मग ती सगळी उतरवायची, पुन्हा लावायची. पिठाचा डबा आज चुलीकडे, उद्या खिडकीखाली. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला. काही केल्या घर जागेवर पडत नव्हतं आणि तिचा जीवही.

जेवणाचे प्रयोग तर विचारूच नका. तिखट वाढवलं, तिखट कमी केलं. वरणाला कधी लसणाची फोडणी, कधी जिऱ्याची. माहेरी तिच्या हातच्या भाकरीसाठी चुलते मुद्दाम ताटावर थांबायचे, आणि इथे हा माणूस औषध घेतल्यासारखा जेवायचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तिच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नाही. संध्याकाळी श्रावण कामावरून यायचा तो म्हातारा होऊन. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानाच्या पाळ्यांवरसुद्धा रुई. दुपारी जेवायला यायचा तेव्हा मात्र चेहरा लखलखीत. म्हणजे वाटेत कुठेतरी हा हातपाय धुतो. कुठे? आणि त्या दिवशी तांब्या देताना तिला त्याच्या हाताला जवसाच्या चटणीचा वास आला. घरात तर जवसाचा एक दाणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला गेल्यावर ती अनुसयाबाईंकडे गेली. त्या अंगणात सुपात तुरी पाखडत बसल्या होत्या.

"काकू, इकडे जवसाची चटणी कोणाकडे चांगली भेटते?" तिने आडून विचारलं.

"दुसरीकडे कायले जा लागते? देवकाबाईच्या खानावळीत. जिनाच्या फाटकासमोर," अनुसयाबाई म्हणाल्या. "तुह्या नवऱ्याले पुस. गावाहून आला तवापासून थो तिथंच तं जेवला. कावीळ झालती तवा त्या बाईनं लेकरासारखं केलं त्याचं." मग सूप थांबवून त्यांनी डोळे मिचकावले. "अजूनही जाते वाटते? बाप्पा! दोन-दोन घरचं जेवण! मजा हाये बुवा एकेकाची."

प्रमिलाला यात मजा कुठे दिसली नाही. तिने घराला कडी घातली, पदर डोक्यावर घेतला आणि जिनाची वाट धरली. वाटभर ती मनातल्या मनात भांडत होती. लग्न झालेला गडी तुमच्या पाटावर कसा जेवतो, आम्ही काय मेलो होतो? उत्तरही तिचं तीच देत होती आणि त्या उत्तरावर आणखी चिडत होती.

खानावळ कसली, पुढे पडवी, मागे चूल. चुलीपाशी साठीची एक बाई भाकरी थापत होती. कपाळ मोकळं, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, त्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. दाराजवळच्या भिंतीशी एक पितळी थाळी पालथी उभी करून ठेवलेली होती. प्रमिला तिथेच थबकली. घरचं ताटही तो असंच ठेवायचा, अगदी याच अंगाला.

"सयपाक व्हाचा हाये बाई," देवकाबाई मान वर न करता म्हणाली. "भोंगा झाल्यावर येजो."

"जेवाले नाई आली. मी श्रावणच्या घरून आली."

नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं आणि तिने जीभ चावली. देवकाबाईने मात्र हातातलं पीठ झटकून चष्मा वर सरकवला.

"श्रावणची बायको? अवं, तू तं संक्रांतीनंतर येणार होती न? थो तं तसंच म्हणे. बस, बस. बरं झालं आली." आणि प्रमिलाने तोंड उघडायच्या आत तिने भाजीचं गंज पुढे ओढलं, पळीत थोडी भाजी घेतली. "हात कर इकडे. चाखून पाह्य. खरं सांगजो, मीठ बरोबर हाये का?"

प्रमिलाने भांबावून हात पुढे केला. वांग्याची भाजी होती.

"महिना झाला," देवकाबाई सांगू लागली, "पोट्टा अर्धं जेवून उठते. पह्यले चार भाकरी खाये, आता दोनही जात नाई. पुसलं तं म्हणते, जिनात रुई उडते, पोट भरल्यासारखं होते. रुई काय यंदाच उडून राह्यली? मले समजते न. माही नजर तं गेलीच, आता हातही गेला. मीठ दोनदा पडते का पडतच नाई, काही समजत नाई मले. बाकीचे नवे पोट्टे हायेत, थे बोलत नाई. कोणाले पुसू?"

प्रमिलाने जिभेवरची भाजी गिळली. तिच्या स्वतःच्या भाजीपेक्षा ती दसपट चांगली होती. भांडणाची सगळी शिदोरी वाटेतच सांडली आणि तिला या बाईची नाही, त्या माणसाची चीड आली, आणि लगेच त्याची कीवही आली. एकीला नाही म्हणवत नाही, दुसरीला सांगवत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुण्याचं पोट तडस लागेस्तोवर भरलेलं होतं आणि उपाशी होती ती दोन्ही घरं.

गप्प बसून परत जाता आलं असतं. पण मग ही म्हातारी रोज गंजात पळी बुडवून आपल्या हातावर संशय घेत बसेल, आणि आपण घरी तेच करत बसू.

"मीठ बरोबर हाये, माय," ती म्हणाली. "तुमचा हात नाई गेला. मी मार्गशीर्षातच आली. ते इथून जेवून घरी येते, अन् घरी पुन्हा जेवते."

तव्यावरची भाकर करपायला लागली तरी देवकाबाईचं लक्ष नव्हतं. शेवटी प्रमिलानेच ती उलटली.

"गधा हाये," देवकाबाई म्हणाली आणि हसली. हसता हसता पदराचं टोक चष्म्याखाली गेलं. "मले सांगाले भेला पोट्टा. मी काय त्याले खाल्लं असतं?"

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराजवळची थाळी घेऊन मोरीवर बसली. थाळी स्वच्छच होती. तरी तिने ती राखेने घासायला घेतली. प्रमिला पुढे झाली तर म्हणाली, "राहू दे. आजच्या दिवस मीच घासतो."

घासणं लवकर संपेना. एवढीशी थाळी, पण ती कडा घासायची, मागची बाजू घासायची, पाण्याने धुऊन पुन्हा राख लावायची.

"त्याच्या मायची हाये," पदराने कोरडी करत ती म्हणाली. "गावाहून आला तवा फडक्यात बांधून आणलती. माय मेलेली. मले म्हणे, याच्यातच वाढजो. घे. अर्धं जेवणारं लेकरू मले नाई पाह्यजे. कोठीही जेवो, एका जागी पोटभर जेवो."

जिंकून आल्यासारखं वाटायला हवं होतं. प्रमिलाला वाटलं उलटंच. परतताना पदराखाली धरलेली ती थाळी तिला एखाद्याच्या घरातून उचलून आणल्यासारखी जड झाली होती.

दुपारी भोंगा झाला. चाळीतली बाकीची माणसं जेवायला बसली तरी श्रावणचा पत्ता नव्हता. प्रमिला चारदा दारात जाऊन आली. अखेर तो आला तेव्हा भुवया पांढऱ्या होत्या, मिशा पांढऱ्या होत्या, कानांवर रुई होती. उंबऱ्याबाहेरच तो उभा राहिला.

"देवकामायनं हात नाई धुऊ देल्ले," तो म्हणाला. "बालटी उचलून आत घेऊन गेली. म्हणे, घरी जाय."

प्रमिलाने बादली पुढे केली. हातपाय धुऊन तो आत आला आणि पाटासमोर मांडलेली पितळी थाळी पाहून जागीच थांबला. मग खाली मान घालून बसला. तिने वाढलं. त्याने एक भाकर खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला आडवा हात केला नाही. महिनाभर जे बघायला तिचे डोळे आसुसले होते ते समोर घडत होतं, आणि तिच्याने ते धड बघवत नव्हतं. चौथी भाकर अर्ध्यावर आली तेव्हा त्याचा हात थाळीतच राहिला.

"रागावली काय माय?" त्याने विचारलं.

"नाई. भाजी चाखाले लावली. म्हणे, मीठ बरोबर हाये का पाह्य."

"मंग?"

"बरोबर होतं."

"बरोबरच राह्यते तिचं," श्रावण म्हणाला, आणि उरलेली अर्धी भाकर त्याने संपवली.

उठून त्याने सवयीने थाळी मोरीत नेली, विसळली आणि दाराजवळच्या भिंतीशी ठेवायला वाकला. मग मागे फिरला, प्रमिलापाशी आला आणि ओली थाळी त्याने तिच्यापुढे धरली.

तिने मांडणीवरची ताटं जराशी सरकवली आणि मधोमध जागा केली. त्याच्या भुवईवर रुईचं एक तूस तसंच राहिलं होतं, ते तिने बोटाने काढलं. तेवढ्यात तिकडे जिन पुन्हा सुरू झालं आणि मांडणीवरची भांडी रोजच्यासारखी किणकिणू लागली. त्यांच्यात आज पितळेचा एक जड आवाज नवा होता.