गाडी ताईंची, प्रश्न भावांचे

शोरूममध्ये शिरल्याबरोबर जो माणूस टायरला लाथ मारतो, त्याला गाडीतलं काही कळत नाही. मी इतकी वर्षं गाड्या विकतेय, अजून अपवाद सापडलेला नाही. त्या दिवशी तर दोघांनी मारली, आणि दोघे सख्खे भाऊ होते.

मागून त्यांची थोरली बहीण आली. ताई शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. छोटी एसयूव्ही त्या घेणार होत्या, स्वतःच्या पैशाने. हे मला तिसऱ्या भेटीत कळलं, कारण आधीच्या दोन भेटींत त्यांना कुणी तोंडच उघडू दिलं नव्हतं.

मधल्या भावाचा पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देते?" मी आकडा सांगितला. तो धाकट्याकडे बघून हसला, म्हणजे मी थापा मारतेय हे त्याला आधीच ठाऊक होतं. मग ग्राउंड क्लिअरन्स. घर ते ऑफिस गुळगुळीत रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे याची एवढी काळजी कशाला, देव जाणे. धाकट्याला सनरूफ हवं होतं. उघडून करणार काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "असावं." टायरमध्ये साधी हवा भरायची की नायट्रोजन, पांढरा रंग लवकर पिवळा पडतो का, डिझेल घ्यावी की पेट्रोल. मी सगळ्याची उत्तरं दिली. पगार त्याचाच मिळतो.

"ताईंना काही विचारायचंय का?" शेवटी मीच म्हटलं.

"तिला काय कळतंय त्यातलं?" मधला म्हणाला. "तिला रंग निवडू दे."

तिसऱ्या भेटीत बोलता बोलता वाटणीही झाली. गाडी धाकट्याकडे राहणार, कारण त्याचं पार्किंग झाकलेलं. शनिवार-रविवार मधल्याकडे. "आणि ताई, तुला कुठं जायचं असलं की फक्त एक फोन कर." ताईंनी मान डोलावली. डोकं माझं फिरलं.

टेस्ट ड्राइव्हला मधला चालवायला बसला, धाकटा त्याच्या शेजारी, ताई आणि मी मागे. मधल्याने स्टार्टचं बटण दाबलं. गाडी ढिम्म. मग लिफ्ट येत नसली की माणसं दाबतात तसं तो दाबतच राहिला.

"बॅटरी उतरलीय," त्याने जाहीर केलं. "वॉरंटीत बसतं का हे?"

"ब्रेकवर पाय ठेव आधी," ताई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. पुढे दोघांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र ताईंकडे पाहत राहिले. त्यांनी पर्समधून हळूच लायसन्स काढून दाखवलं.

"क्लास लावला होता," त्या कुजबुजल्या. "यांना वाटतं, मी संध्याकाळी वाचनालयात जाते."

"मग सांगत का नाही?"

"सांगितलं की शिकवायला लागतील." त्यांनी लायसन्स परत पर्समध्ये ठेवलं. "जन्मभर पोरांकडून नद्या-डोंगर पाठ करून घेतले, स्वतः एकही धड पाहिला नाही. कुणी नेलं तर गेले, तेही मांडीवर त्यांची मुलं घेऊन. ही गाडीसुद्धा यांच्या घशात गेली ना, तर माझं जायचं राहिलंच. मला फार भीती वाटते हो त्याची."

 

गाडी न्यायच्या दिवशी ताई भावांच्या तासभर आधी आल्या, हमालासकट. त्यांनी मला त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला. "मागची सीट कायम पाडून ठेवली, तर काही बिघडतं का?"

"गाडीचं काही बिघडत नाही," मी म्हटलं.

सीट पाडली. हमालाने मागे गादी टाकली, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, दोन खोकी पुस्तकं ठेवली आणि तो गेला.

भाऊ इस्त्रीचे कपडे घालून आले. फोटोसाठी दोघांनी एकदमच चावीला हात घातला. मी ती ताईंना दिली. "मालकाच्या हातात द्यावी लागते," मी म्हटलं. असा काही नियम नाही.

ताई स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. भावांनी मागचा दरवाजा उघडला, गादी पाहिली, बंद केला.

"मी पुढे बसतो," मधला म्हणाला. "हिला कुणीतरी सांगायला हवं."

"पार्किंग माझं आहे, मी बसतो."

"तू गप रे. तुला सनरूफच्या पलीकडे काय येतं?"

"तुला साधी सुरू करता आली नाही."

जुनी उणीदुणी निघाली. लहानपणी कुणी कुणाची सायकल ठोकली इथपर्यंत गाडी गेली. ताईंची गाडी तोवर फाटकापर्यंत गेली होती. त्यांनी सिग्नल दिला, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि वळल्या.

दोघे रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग मधला माझ्याकडे आला. आवाज जरा उतरला होता.

"ती परत कधी येणार?"

"पहिली सर्व्हिस आमच्याकडेच असते," मी म्हटलं. "तेव्हा येतील. हवं तर तुम्हीही या."