हळदीच्या गाण्यातलं हसू

योगेंद्र खोपोलीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता, त्यामुळे घरात आणलेली कुठलीही वस्तू त्याच दिवशी सुरू होत नसे. मिक्सर आणला तेव्हा आधी त्याची पुस्तिका वाचून झाली आणि मग यथावकाश चटणी झाली. म्हणूनच तबकड्या वाजवायचं टर्नटेबल घरी आलं तेव्हा त्याची बायको हर्षला सासूबाईंना म्हणाली, की दिवाळीच्या आत गाण्याची आशा धरू नका.

पण सासूबाईंना, म्हणजे गौराबाईंना, घाई होती. त्या आणि सुंदरा या कडाव गावच्या धवलारणी, लग्नात धवले म्हणजे मंगलगाणी गाणाऱ्या. भटजी उशिरा आला तरी लोक सांभाळून घेत, पण या दोघींनी धवले गायल्याशिवाय हळद लागत नसे. तरुणपणी मुंबईच्या एका कंपनीने दोघींना नेऊन त्यांच्या हळदीच्या गाण्याची तबकडी काढली होती. गाता गाता मध्येच कोणीतरी हसलं. कंपनीने तबकडी तशीच काढली आणि यांना पुन्हा काही बोलावलं नाही. गौराबाई म्हणत, सुंदरा हसली. सुंदरा म्हणे, गौरी हसली. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नं मात्र कोणीच सोडली नाहीत. मांडवात दोघी एका सुरात गात, आणि पानाला चुना हवा असला तर तिसऱ्या बाईच्या हाताने मागून घेत.

लाउडस्पीकरवाल्या धाऊच्या पेटीवर ती तबकडी पुष्कळ लग्नांत वाजली. पण नेमक्या त्या जागी इतकी खरखर होई, की कोणी शिंकलं म्हटलं तरी खपलं असतं. आता सुंदराचा डावा कान गेला होता. उजवा जायच्या आत गौराबाईंना निकाल हवा होता.

योगेंद्रने काम मनावर घेतलं. दुकानदाराने आधी एक स्वस्त, स्पीकर आतच असलेलं यंत्र दाखवलं. त्याची सुई तबकडीवर नांगरासारखी चालते, असं म्हणून योगेंद्रने ते परत ठेवायला लावलं. त्याने पट्ट्यावर फिरणारं, सुईचा भार कमीजास्त करता येणारं यंत्र घेतलं, आणि त्याला सुई धरणारी डबी, म्हणजे कार्ट्रिज, तेही मोनो. जुन्या तबकडीत आवाज फक्त आडवा कोरलेला असतो. साधं कार्ट्रिज वरखालची धूळही ऐकवतं, मोनो तेवढं सोडून देतं.

शेजारच्या भातगिरणीची धडधड जमिनीतून यायची, म्हणून त्याने भिंतीत कडाप्पा ठोकून यंत्र त्यावर ठेवलं. सुईचा भार मोजायला कर्जतच्या सोनाराकडून छोटा काटा आणला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका हर्षलाला विचारून गेल्या, की काय घडवताय? तिने सांगितलं, कळलं की मलाही सांगा. पुढे कित्येक दिवस सुई खाचेत सरळ बसावी म्हणून तो छापील रेघांच्या कागदावर कार्ट्रिज केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिला.

"भात कापून झाला रं," गौराबाई म्हणाल्या. "तुजी सुई काय बसंना."

शेवटी एका रविवारी सुई बसली. हर्षला जाऊन सुंदराला घेऊन आली. सुंदरा गौराबाईंकडे न पाहता उजवा कान स्पीकरकडे करून बसली.

गाणं सुरू झालं. योगेंद्रने आईचा आवाज जन्मापासून घोगराच ऐकलेला. इथे दोन पोरी गात होत्या. त्याला भरून आलं, आणि कोणाला दिसू नये म्हणून तो यंत्र समतोल आहे का ते उगीचच पुन्हा पाहू लागला. मग ती जागा आली. खरखर नव्हती. एक हसू फुटलं आणि त्याच्या अंगावरच दुसरं.

"दोघीही हसल्यात," हर्षला म्हणाली.

"पन आदी कोन?" सुंदराने विचारलं.

"परत लाव रं," गौराबाई म्हणाल्या.

परत लावलं. पहिलं हसू बारीक होतं. सुंदराच्या मते बारीक आवाज गौरीचा. गौराबाईंच्या मते तेव्हा बारीक आवाज सुंदराचाच होता. स्वतःचा आवाज दोघींपैकी एकीलाही ओळखता येईना. मग सुंदराला आठवलं, की तबकडी काढली त्या दिवशी कंपनीचा काचेमागचा साहेब ताल दाखवताना भाकरी थापल्यासारखे हात करत होता. गौराबाईंनी ते हात करून दाखवले आणि दोघी हसायला लागल्या. आताही आधी कोण हसलं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर सुंदरा रोज दुपारी येऊ लागली. चहा होई, गाणं लागे, भांडण होई, पुन्हा गाणं लागे. योगेंद्रला सुईची काळजी वाटू लागली. विचार करता करता त्याला उपाय सापडला. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर फिरवली तर हसू लांबेल, आणि सुरुवात कोणी केली ते सरळ कळेल. एका सकाळी त्याने आईला हे समजावून सांगितलं आणि वेग बदलायच्या खटक्याकडे हात नेला.

गौराबाईंनी त्याचा हात धरला.

"नको रं," त्या म्हणाल्या. "ठरलं तं ती उद्या कशाला येल?"

योगेंद्रने खटका होता तिथेच राहू दिला, आणि आणखी एक सुई मागवली.