म्हाळसानं दोन राजे सोडले

मित्रांनो, मला जुना म्हणा, ठोकळा म्हणा, मी रागावणार नाही. आहेच मी तसा जाडजूड संगणक. हैदराबादेत सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर अंकुशरावांच्या नेट कॅफेत आणून बसवलं. दहावीचे निकाल मी दाखवायचो तेव्हा लोक माझ्या डोक्यावर पेढा ठेवायचे. आता रिकामे कप ठेवतात. असो! पण एक दिवस मी जे पाहिलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

म्हाळसा कॉलेजातली मुलगी, जवळच्या खेड्यातल्या अंबाजींची धाकटी लेक. तिचा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ नागराज, अप्पांशी, म्हणजे अंबाजींशी, भांडून पुण्याला गेला, तो कित्येक वर्षं घरी फिरकलाच नाही. फोनवर मात्र बहिणीशी बोलायचा. त्यानंच तिला पोकर हा पत्त्यांचा खेळ शिकवला. मग नेटवरच्या एका स्पर्धेत दोघांनी नावं घातली, त्यानं पुण्याहून, तिनं माझ्यावरून. स्पर्धा फुकटची. पैसा लावायचा नाही, मिळायचा नाही, नुसत्या चित्रातल्या चकत्या. म्हाळसानं त्याला शर्त घातली, की मी शेवटच्या टेबलापर्यंत पोचले तर तू येळवसीला यायचं. येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव त्या दिवशी रानात जेवतं. तो हसून बरं म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी ती अप्पांनाच घेऊन आली. अंबाजी पटका गुडघ्यावर ठेवून तिच्या मागं बसले. मी चाटच पडलो.

सुरुवातीला उतावळे भराभर बाद झाले. अर्धे लोक उरले की हा खेळ बदलतो, बरं का. सक्तीनं टाकायच्या चकत्या वाढत जातात. चांगल्या पानांची वाट बघत बसलं की आपला ढीग बसल्या जागी संपतो. ज्यांचा ढीग मध्यम, ते आहे ते जपायला बघतात, म्हणून त्यांच्यावर चढायचं, म्हणजे त्यांच्यापेक्षा जास्त चकत्या लावायच्या. मोठ्या ढिगाला डिवचायचं नाही, आणि शेवटच्या चार चकत्या घेऊन जिवावर उदार झालेल्यालाही नाही. म्हाळसा अगदी तसंच खेळली. काय खेळली पोरगी!

मग उरलेल्या लोकांची टेबलं जुळवली आणि समोर नेमकं नागराजचं नाव आलं. त्यानं मोठा ढीग पुढं सरकवला. म्हाळसाच्या हातात दोन राजे! याहून भारी फक्त दोन एक्के. मी मनात म्हटलं, चढ आता. तेवढ्यात अंबाजी मागून म्हणाले, "अण्णा हाय त्यो. मोठ्या भावावर चढू न्हाई, म्हाळसा."

आणि तिनं राजे सोडले, डाव त्याला देऊन टाकला, मित्रांनो! वर सगळ्यांना उघडे करून दाखवले आणि खाली लिहिलं, अण्णा, तुझ्यासाठी. तिच्या लेखी तो मान होता. टेबलावरच्या परक्या लोकांनी मात्र एकच कालवा केला, की हे दोघं मिळून खेळतात, हे नियमाबाहेर आहे. थोड्याच वेळात माझ्याच काचेवर लाल पट्टी उमटली. दोघंही स्पर्धेतून बाद. ही बातमी तिला माझ्याच तोंडून कळावी, याचं मला फार वाईट वाटलं.

तिचा फोन वाजला. नागराजचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आला. "राजे कामून सोडलीस गं? माझ्याकडं काईच नव्हतं. भेव दावून दावून तुला भाईर काढायलो होतो मी."

"कामून, अण्णा?"

"तू शर्त जिकली असतीस तर येळवसीला यावं लागलं असतं. अप्पांच्या म्होरं कोणत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

मी सुन्न झालो. सख्खा भाऊ, आणि बहिणीला हरवायला बसला होता! तेव्हा अंबाजींनी फोन हातात घेतला.

"नागा, उंबरा चढू नको म्हणलो होतो मी तुला. व्हय, म्हणलो होतो. पर येळवस रानात असती, बाबा. तिथं उंबरा न्हाई. ये."

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत राहिला.

मित्रांनो, मला पुसा नाहीतर भंगारात घाला. पण घरचं माणूस रुसून गेलं असेल तर शर्ती घालत बसू नका. नुसतं ये म्हणा.